केशरी रेघ

मंदाकिनी पाटणकर मुलीच्या यंत्रासमोर पहिल्यांदा व्हायोलिन घेऊन बसल्या तेव्हा त्यांचं वय एकसष्ट होतं, आणि आता आपल्याला कुणी वाजवायला बोलावेल ही आशा त्यांनी सोडून दिली होती.

रेडिओवर तीस वर्षं त्यांनी साथ केली होती. त्या निवृत्त झाल्या त्याच सुमाराला दिवस पालटले. ज्याला जसं हवं तसं गाणं यंत्र जागच्या जागी बनवून देऊ लागलं. लग्नाच्या हॉलमध्ये, देवळात, दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्यासुद्धा. वाजवणाऱ्या माणसाची कुणाला गरज उरली नाही. सांगलीतलं शेवटचं संगीत मंडळ बंद पडलं त्याला चार वर्षं होऊन गेली होती.

अशात त्यांची मुलगी केतकी बंगळुरूहून परत आली. मेंदू आणि शरीराच्या हालचाली हा तिचा अभ्यासाचा विषय. आल्या आल्या तिनं तासगाव रस्त्यावरचं बेदाण्याचं एक बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज भाड्यानं घेतलं, कारण त्याच्या जाड भिंतींतून बाहेरचा आवाज आत येत नसे. कोपऱ्यात गेलं की अजून आंबूसगोड वास यायचा. एका भिंतीवर तिनं भलामोठा पडदा लावला आणि त्यासमोर अर्धगोलात चार खुर्च्या मांडल्या.

"आई, मला चार माणसं हवीत. खरीखुरी वाजवणारी."

"आणि काय वाजवायचं?"

"ते तुमचं तुम्ही ठरवायचं. तिथल्या तिथं."

मंदाताईंनी पहिला फोन मिरजेला, सिकंदर मुजावरांना केला. सिकंदरभाई क्लॅरिनेट वाजवत. वडिलांच्या बँडमधून वरातीत वाजवून वाजवून त्यांची छाती घडली होती, आणि पुढे रेडिओवर आल्यावर त्याच छातीतून त्यांनी पहिल्यांदा मारवा वाजवला तेव्हा बाहेरची माणसं स्टुडिओच्या काचेपाशी येऊन उभी राहिली होती. मंदाताईंची त्यांच्याशी तीस वर्षांची ओळख, आणि भांडणही तेवढंच जुनं. सिकंदरभाई सगळ्यांबरोबर कधी सुरू करायचे नाहीत. बाकीचे समेवर आले की हे गप्प. आता हे वाजवत नाहीत असं वाटेपर्यंत थांबायचे आणि मग कुठूनतरी बाजूनं आत शिरायचे.

"दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो तुमच्यामुळे," मंदाताई म्हणायच्या.

"आला पाहिजे," ते म्हणायचे. "न्हाईतर झोपाल की ओ तुम्ही."

तबल्याला दिगंबर लोहार आला आणि गायला नूपुर शेट्ये. अशी चौकडी जमली.

पडद्यावर सा रे ग म लिहिलेलं नव्हतं. उजवीकडून डावीकडे नुसत्या आकृत्या वाहत यायच्या. मधोमध एक पांढरी उभी रेघ होती; आपली आकृती तिला टेकली की वाजवायचं. प्रत्येकाला एक रंग दिलेला. मंदाताईंचा निळा, सिकंदरभाईंचा केशरी, नूपुरचा हिरवा, दिगंबरला तपकिरी ठिपके. आकृती वर चढली की वरचा स्वर, जाड झाली की मोठा आवाज, काटेरी झाली की खरखरीत, धुक्यासारखी विरली की विरत न्यायचं. स्वर कुठला, लय कुठली, हे ज्याचं त्यानं ऐन वेळी ठरवायचं. त्या आकृत्या सुरुवातीला केतकी स्वतः हातानं काढत होती.

पहिल्या दिवशी चौघं भीत भीत वाजवत होती. आठवड्याभरात भीती गेली. निळ्या रेघेभोवती केशरी रेघ वेलीसारखी चढताना दिसली की मंदाताईंना आपल्याच गजाचा आवाज नवा वाटायचा.

"बरंय हे," सिकंदरभाई म्हणाले. "रस्ता ते दावतंय, पण चालायचं आपल्या चालीनं."

तसे तीन महिने फार सुखात गेले.

मग केतकीनं प्रत्येकाच्या मनगटाला एक पातळ पट्टी बांधली आणि छातीभोवती एक पट्टा. मंदाताईंना समजावून सांगायला तिनं एक लहानसा प्रयोग केला.

"हात टेबलावर ठेव. तुला वाटेल तेव्हा एक बोट उचल."

मंदाताईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि तर्जनी उचलली.

"कधी ठरवलंस?"

"आत्ताच. उचललं तेव्हा."

केतकीनं टॅब पुढे केला. त्यावर दोन खुणा होत्या. "ही खूण तू बोट उचलल्याची. आणि ही, अर्धा सेकंद आधीची, या पट्टीला कळल्याची. शरीर आधीच तयारीला लागतं, आई. श्वास किंचित अडतो, मनगटातले स्नायू ताणले जातात. आपण ठरवलं, हे आपल्याला मागाहून कळतं. त्या मधल्या अर्ध्या सेकंदात यंत्र तुझी आकृती काढणार. तुझ्या मनात असेल तेच तुला समोर दिसेल."

दुसरी गोष्ट अशी होती. एकत्र गाणाऱ्या माणसांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात, आणि श्वासांच्या मागोमाग हृदयाचे ठोकेही जवळ येतात. हे जुनंच ज्ञान होतं. केतकीनं त्याचं माप बसवलं. चौघांचे श्वास, ठोके आणि हालचाली किती जुळतात याचा शून्य ते शंभर असा एक आकडा काढला, आणि त्याला नाव दिलं मेळ. यंत्राला एकच काम नेमून दिलं: मेळ वाढवायचा. कुठली आकृती कुणाला कधी दाखवली की तो वाढतो, हे ते रोज करून करून शिकत जाणार होतं.

त्या दिवशी चौघांनी पाऊण तास वाजवलं. शेवटची आकृती विरली तेव्हा मंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गज टेकवायचं मनात यावं आणि निळी रेघ पांढऱ्या रेघेला टेकावी! तीस वर्षं साथ करताना दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं मन ओळखून पुढे येत होतं.

"काय आकडा?" नूपुरनं विचारलं.

"एकसष्ट," केतकी म्हणाली.

"माझ्या वयाएवढा," मंदाताई म्हणाल्या, आणि सगळी हसली.

महिन्याभरात मेळ चौऱ्याहत्तरवर गेला, मग ब्याऐंशीवर. केतकीनं काही तुकडे लोकांसाठी खुले केले. ऐकणारे लिहू लागले की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं, आईच्या कुशीत असल्यासारखं वाटतं. समलय नावाच्या एका मोठ्या कंपनीची माणसं येऊन बघून गेली. संगीतात त्यांना विशेष रस नव्हता. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर आणि नर्सचे हात असे जुळले तर? कारखान्यात एका पाळीची माणसं अशी जुळली तर? शाळेत? कृष्णेच्या काठी नवं सभागृह झालं होतं. तिथं सकाळची मैफल ठरली. श्रोत्यांनाही दारातच पट्ट्या द्यायच्या, म्हणजे सहाशे माणसांचे श्वासही पडद्यावर उमटतील.

मंदाताईंची छायाचित्रं छापून आली. चार वर्षं ज्यांनी विचारपूस केली नव्हती ती माणसं दारात येऊ लागली.

याच दिवसांत त्यांच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट घडू लागली होती. एकदा सकाळी दूध तापत ठेवलं होतं. ते वर आलं, कडेपर्यंत आलं, त्यांना ते दिसत होतं. गॅसच्या बटणापासून हात वीतभर अंतरावर होता. आणि त्या उभ्या राहिल्या. दूध उतू जाऊन ओट्यावरून पायावर ओघळलं, भाजलं, तेव्हा हात हलला. पायाला मलम लावताना त्यांना उमगलं की आपण वाट बघत होतो. काहीतरी समोर येऊन टेकेल आणि मग हात उचलायचा, अशी.

दुपारी त्यांनी घरीच व्हायोलिन काढलं. भीमपलासचा पहिला स्वर लावायचा. चाळीस वर्षं जो स्वर आपसूक लागत होता तो. गज तारेवर टेकवून त्या बसून राहिल्या. समोर नुसती पांढरी भिंत. काहीच सुरू होईना. शेवटी त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी कपाटावर टाकली, आणि हे कुणालाही सांगितलं नाही. केतकीलाही नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यासमोर बसल्यावर हात पाण्यासारखा वाहू लागला आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की आदल्या दुपारचा विचारच नकोसा झाला.

मेळ मात्र चौऱ्याऐंशीवर अडला. पंधरा दिवस हलेना.

"सिकंदरकाकांमुळे," केतकी आईला म्हणाली. "त्यांचे ठोके अनियमित आहेत. गोळ्या चालू आहेत ना त्यांच्या? तिघांची हृदयं एकीकडे आणि त्यांचं भलतीकडे. यंत्राला त्यांच्यावर पकड घेता येत नाहीये."

"मग?"

"शिकेल. शिकतंच आहे."

यंत्र काय शिकलं ते पडद्यावर दिसू लागलं. लांब श्वास सोडला की हृदय मंदावतं, हे कुठल्याही योगशिक्षकाला ठाऊक असतं. यंत्राला ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं ते आपलं आपण शोधून काढलं. केशरी आकृत्या लांब होऊ लागल्या. पूर्वी सिकंदरभाईंच्या वाट्याला तुटक, उड्या मारणाऱ्या खुणा यायच्या. आता सलग, जाड, न तुटणारी रेघ यायची. एका श्वासात नेता येईल त्याच्या थोडीशी पलीकडे. मेळ सत्त्याऐंशी झाला.

एका सरावाला सिकंदरभाईंनी डोळे मिटले.

बाकीचे तिघं पडद्याबरोबर चालले होते. सिकंदरभाई गप्प होते. केशरी रेघ आली, टेकली, निघून गेली, ते गप्पच. मग फार वेळानं, सगळ्यांच्या पाठीमागून, त्यांनी कोमल रिषभ असा काही लावला की तीस वर्षांपूर्वी मंदाताई गज खाली ठेवून ऐकत राहिल्या असत्या. आता त्यांच्या अंगातून चीड उसळली. दाताखाली खडा यावा तशी. पडद्यावरच्या आकृत्या विसकटल्या, कोपऱ्यातला आकडा धडाधड उतरत चाळिसावर आला, नूपुरचा आवाज चिरकला.

"सिकंदरभाई, पडद्याकडे बघा!" मंदाताई ओरडल्या.

सिकंदरभाईंनी क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. ते मंदाताईंकडे बघत राहिले. दिगंबर आणि नूपुरच्याही चेहऱ्यावर तोच राग होता, अगदी एकसारखा. सिकंदरभाईंनी डोळे पडद्याकडे वळवले आणि सराव पुढे सुरू झाला.

मैफलीला चार दिवस होते तेव्हा ते मंदाताईंच्या घरी आले. पाणी प्याले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"ताई, मला न्हाई जमायचं हे."

"असं काय करता? ऐन वेळी?"

"मला दम घेऊ देत न्हाई ओ ते. रेघ संपतच न्हाई. मी म्हणतो आता सोडावा श्वास, तर हात ऐकत न्हाईत. बोटं दाबलेली ती दाबलेलीच. परवा घरी जाताना दोनदा बसावं लागलं वाटेत." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "रेहाना म्हणते, जाऊ नका. डॉक्टरबी म्हणतोय जरा जपून."

मंदाताईंना त्यांच्या ओठांचा निळसरपणा दिसत होता. आपल्याला जे झालं ते, ती दुधाची आणि कोऱ्या भिंतीची गोष्ट, आत्ता यांना सांगावी असं एकदा तोंडाशी आलं. सांगितली असती तर सिकंदरभाईंनी पट्टी पुन्हा बांधली नसती, आणि मैफल मोडली असती.

"केतकीनं मर्यादा घातलीय यंत्राला," त्या म्हणाल्या. "ठोके फार उतरले तर ते आपणहून थांबतं. एवढा एक कार्यक्रम करा, सिकंदरभाई. माझ्यासाठी करा. मग नाही म्हणा."

सिकंदरभाईंनी टोपी डोक्यावर ठेवली. "तुमच्यासाठी म्हणताय, मग काय बोलणार मी," ते म्हणाले.

मर्यादेची गोष्ट खोटी नव्हती. मंदाताईंनी त्या दिवशी केतकीला पुन्हा विचारूनही घेतलं. ठोके एका आकड्याखाली गेले तर पडदा आपोआप पांढरा व्हायचा होता. फक्त तो आकडा चौघांच्या सरासरीचा होता. तसं ठेवताना कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळी मापं चौघांची मिळूनच होती, म्हणून हेही तसंच ठेवलं गेलं.

रविवारी सकाळी आठला सभागृह भरलं. मिरजेहून डॉक्टर मंडळी आली होती, शाळांचे शिक्षक होते, समलयची माणसं पहिल्या रांगेत होती. सिकंदरभाईंच्या पत्नी, रेहानाभाभी, आल्या नव्हत्या. त्यांना गुडघ्यामुळे जिने चढवत नसत. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी होती. दिवे मंद झाले, पडद्यावर सहाशे श्वासांचं राखाडी धुकं वरखाली होऊ लागलं आणि त्यातून पहिली निळी रेघ निघाली.

वीस मिनिटांत मेळ नव्वदवर गेला. मंदाताईंना स्वतःचे हात जाणवेनासे झाले. श्वास घेत होत्या तो आपला की सभागृहाचा, हे त्यांना सांगता आलं नसतं. मग केशरी रेघ आली. ती जाड होती, समुद्रकाठच्या क्षितिजासारखी सपाट होती, आणि पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत तिला शेवट दिसत नव्हता.

सिकंदरभाईंनी स्वर धरला. मंदाताईंच्या उजव्या डोळ्याच्या कडेला ते दिसत होते. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. स्वर थरथरला, बारीक झाला. क्लॅरिनेट ओठांतून निसटून मांडीवर आणि तिथून जमिनीवर पडलं. मग सिकंदरभाई डाव्या अंगाला कलले आणि खुर्चीतून खाली कोसळले. लाकडी रंगमंचावर धप्प आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला असणार.

मंदाताईंनी पाहिलं. उठायला हवं, हेही त्यांना कळलं. ते कळणं फार लांबून, पलीकडच्या खोलीत कुणीतरी बोलावं तसं आलं. तेवढ्यात निळी रेघ पांढऱ्या रेघेला टेकली आणि गज तारेवर फिरला.

केशरी रंग पडद्यावरून फिकट होत होत गेला. वाकड्या ठोक्यांचं ते एकच हृदय होतं. ते मापातून गळल्यावर बाकीची सगळी झरझर जुळत गेली. मेळ ब्याण्णव, पंचाण्णव, सत्त्याण्णव झाला. इतकं सुंदर आपण आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं, हे मंदाताईंना त्या वेळी स्पष्ट जाणवलं, आणि पुढे ते विसरायचा त्यांनी कितीही प्रयत्न केला तरी ते गेलं नाही.

सात मिनिटं. सभागृहात निदान वीस डॉक्टर होते. एकही खुर्ची वाजली नाही.

आकृत्या संपल्या, पडदा पांढरा झाला, टाळ्या सुरू झाल्या. एकाच वेळी सुरू झाल्या आणि एकाच वेळी थांबल्या. त्यानंतर मागच्या रांगेतली कुणी बाई किंचाळली. डॉक्टर धावले, छाती दाबू लागले, कुणी हृदयाला झटका द्यायचं यंत्र आणलं. सिकंदरभाईंना जाऊन बराच वेळ झाला होता.

पहिल्या एकदोन मिनिटांत मदत मिळाली असती तर कदाचित वाचले असते, असं डॉक्टरांनी लिहिलं. चौकशी समिती नेमली गेली. यंत्रात बिघाड सापडला नाही, कारण बिघाड झालाच नव्हता. त्याला एक आकडा वाढवायला सांगितला होता आणि त्यानं तो वाढवला होता.

केतकी दहा दिवसांत वाळली. ती स्वतः त्या सकाळी तंत्रज्ञांच्या खोलीत, बंद दाराआड, नुसत्या आकड्यांसमोर बसली होती. सरासरी ठीक होती, म्हणून तिनं मान वर केली नव्हती.

"आई," एके संध्याकाळी तिनं विचारलं, "तू पाहिलंस का ते पडताना?"

"पाहिलं."

केतकी आईसमोर येऊन बसली. "तू वाजवत होतीस. तंद्री लागली होती. तुला दिसलं असेल, पण लक्षात आलं नसेल. समितीसमोर तेवढंच सांग. दिगंबर आणि नूपुर तसंच म्हणतायत."

"ते खरं नाहीये, केतकी."

"मग खरं काय आहे? तू पाहिलंस आणि वाजवत राहिलीस? लोक तुला काय म्हणतील कळतंय का? तीस वर्षांचा मित्र होता तुझा!"

"म्हणूनच सांगायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच मिरजेला गेल्या. रेहानाभाभी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. सून चहा ठेवून आत गेली. मंदाताईंनी सगळं सांगितलं. पोटात गोळा येण्यावरून होणारी जुनी भांडणं, दूध, कोरी भिंत, चार दिवस आधीचं ते येणं, 'माझ्यासाठी करा' म्हणणं. आणि शेवटी रंगमंचावरचं.

रेहानाभाभींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "बोलावलं का त्यांनी? काही बोलले?"

"नाही. आवाज आला तो पडल्याचाच."

"आन् तुम्हाला उठावंसं वाटलं न्हाई?"

"उठायला हवं हे कळत होतं, भाभी. उठावंसं वाटलं नाही."

रेहानाभाभींनी डोळे पुसले. "तुम्ही आलात, सांगितलंत. बाकीचे तर फोन बी घेईनात," त्या म्हणाल्या. "समितीसमोर येईन मी. हे बंद झालं पाहिजे, ताई. मला त्या दिवसापासनं झोप न्हाई. डोळा मिटला की त्यांचा दम अडकल्याचा आवाज येतो."

चौकशीची शेवटची बैठक सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलीत, सकाळी अकराला झाली. पाच सदस्य होते, आणि तक्रारदार म्हणून रेहानाभाभी. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश शंकरराव घोरपडे, कडक म्हणून नाव असलेले. मंदाताईंची साक्ष तासभर चालली. घोरपड्यांनी एकेक शब्द खोदून विचारला, त्यांनी एकेक शब्द खराखुरा सांगितला. दोन सदस्य मान हलवत लिहीत होते. समलयच्या वकिलाचा चेहरा उतरला होता.

मग त्यानं उठून एकच विनंती केली. "साहेब, आपण यंत्राबद्दल इतकं ऐकलंत, पण ते पाहिलेलं नाहीत. तीन मिनिटं प्रत्यक्ष अनुभव घ्यावा आणि मग निर्णय द्यावा. मर्यादा आता प्रत्येकासाठी वेगळी घातली आहे. धोका अजिबात नाही."

मंदाताईंनी हरकत घेतली. घोरपडे म्हणाले, "न बघता बंदी घालणं न्यायाला धरून होणार नाही." पडदा लावला गेला, पट्ट्या वाटल्या गेल्या. वाजवायचं काही नव्हतं. टेबलावर बोटांनी ठेका धरायचा, पडद्यावर आपली खूण टेकली की. रेहानाभाभींनाही एक पट्टी दिली. त्यांनी मंदाताईंकडे पाहिलं. "बघते तरी, काय होत होतं त्यांना," त्या म्हणाल्या आणि मनगट पुढे केलं. केतकी यंत्रापाशी होती. ती, मंदाताई आणि वकील सोडून खोलीतल्या सगळ्यांनी पट्ट्या बांधल्या.

पहिलं मिनिट गमतीचं गेलं. बोटं चुकत होती, एक सदस्य हसला. दुसऱ्या मिनिटाला हसणं थांबलं. टेबलावर सहा बोटांचा आवाज एक झाला. मंदाताई पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या, म्हणून त्यांना माणसंच दिसत होती. सगळ्यांचे खांदे एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते. घोरपड्यांच्या कपाळावरची आठी पुसली गेली होती.

त्या दोन पावलं सरकून पडद्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "साहेब, बघताय ना तुम्ही, काय होतंय ते?"

सहाही माना एकाच वेळी, एकाच बाजूला कलल्या. मंदाताईंच्या पलीकडचा पडदा दिसावा म्हणून.

मंदाताईंनी खाली वाकून वायर उपटली. पडदा काळा झाला. टेबलावरची बोटं तशीच हवेत राहिली.

"का बंद केलंत?" घोरपड्यांचा आवाज मऊ होता, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. "चालू द्या."

"चालू द्या," त्यांच्या शेजारचा सदस्य म्हणाला.

मंदाताई रेहानाभाभींकडे वळल्या. "भाभी, तुम्ही तरी सांगा यांना."

रेहानाभाभींचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा फिकी वाटत होती. त्यांनी हात पुढे केला, आर्जवानं.

"लावा ना ताई परत," त्या म्हणाल्या. "आवाज थांबला होता त्यांचा. पहिल्यांदाच थांबला होता. लावा ना."

यंत्रापाशी केतकी उभी होती, पांढरीफटक. त्या सकाळी तिनं फक्त आकडे पाहिले होते. माणसं ती आज बघत होती. समलयचा वकील बटणाकडे निघाला तशी ती त्याच्या आडवी आली.

"आई," ती म्हणाली, "ती वायर सोडू नकोस."

मंदाताईंनी वायर दोन्ही मुठींत आवळून धरली. समोर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, सहाही खुर्च्यांचा मिळून एकच.